अठरा कागद, एक उत्तर

वैशाली गेल्याचा फोन आला तेव्हा मी निपाणीच्या स्टँडवर बेळगावच्या बसची वाट बघत होते. तिलाच भेटायला निघाले होते... पिशवीत शेंगाचटणी होती आणि मनात एक कबुली. दोन्ही तशाच राहिल्या.

तिची आई आमच्याच गल्लीत विड्या वळायची. पोर डॉक्टर झाली, बेळगावात संशोधनाला लागली. विडी वळणाऱ्या गरोदर बाईत काय दिसलं की तिला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात हलवायचं, याची यादी वैशालीला करायची होती. जाणकारांना वेगवेगळं विचारायचं, उत्तरं नावं झाकून सगळ्यांना दाखवायची आणि एकमत होईपर्यंत फेरीमागून फेरी पुन्हा विचारायचं. "किती माणसं पुरतील गं?" मी विचारलं. "आक्का, बेळगावात भरलेली गाडी लोंढ्यापर्यंत भरलेली राहतीय व्हय? दर फेरीला माणसं गळत्यात. आधीच जास्त घ्यायला पायजेत."

निपाणीची अठरा माणसं मी जमवली. डॉक्टर, नर्सा, जुन्या सुईणी, त्यांत मीही. पण थोरल्या डॉक्टरसाहेबांना विचारल्याशिवाय आमच्याकडं कुणी शिंकतही नाही. मीच सगळ्यांना म्हणाले, "साहेबांना विचारून लिवा, चूक नको." कागदावर एक प्रश्न होता : बाई स्वतः 'पोटातलं बाळ गप झालंय' म्हणाली तर? साहेब म्हणाले, "बायका कायबी सांगत्यात, थांबायचं." जन्मभर बाळंतपणं केलेली मी, मला ठाऊक होतं की थांबायचं नसतं. तरी 'थांबावे' लिहिलं.

पहिल्याच फेरीत एकमत, म्हणून खुशीत बेळगावला गेले. तिनं कागद चाळले आणि बाजूला ठेवले. "आक्का, ही अठरा माणसं न्हाईत. एकच हाय." तिला कॅन्सर झाला होता आणि तोवर तो हाडांत उतरला होता. तशातही खानापूर, गुंजीकडं तिनं नवी माणसं शोधायला घेतली. शेवटची फेरी राहिलीच. तिचे ते महिने मी खाल्ले, दुसऱ्या कुणी नाही.

परवा तिच्या भावानं फाईल आणून दिली. माझ्या जुन्या कागदाला प्रश्नांचा एक नवा कागद टाचलेला, उत्तराची जागा कोरी, वरच्या कोपऱ्यात तिचं अक्षर : 'आक्का, यावेळी साहेबांना विचारू नका.'

माझी कबुली तिला आधीच माहीत होती... मी त्याच दिवशी त्या कागदावर लिहिलं, 'बाई म्हणाली की लगेच हलवावे.' खाली सही केली. "हा कुणाकडं द्यायचा रं?" मी भावाला विचारलं.

"म्हाईत न्हाय, आक्का," तो म्हणाला. "तीच गोळा करायची."