आख्खा अध्याय

आमच्या पत्र्याला दोन बारीक भोकं आहेत. दुपारी त्यातून उन्हाचे दोन ठिपके जमिनीवर पडतात आणि सरकत सरकत मायच्या बाजेपर्यंत जातात. त्या उन्हाळ्यात जवळा बाजार गावच्या बसथांब्यावर पाय मोडून घेतला आणि मी प्लास्टर घालून घरात पडून राहिले. अर्धी झोप, अर्धी जाग, आणि ते ठिपके. करायला काही नव्हतं म्हणून शास्त्र, म्हणजे बायबल, पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

खरं सांगायचं तर ख्रिस्ती घरात जन्मूनही तोवर मी बायबल कधी वाचलंच नव्हतं. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब वाचतील ते ऐकायचं, आणि नववर्षाच्या उपासनेत ताटातून डोळे मिटून एक चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीवर बायबलमधली एक ओळ, पाठीमागं ती कुठल्या अध्यायातली ते. ती ओळ म्हणजे देवानं त्या वर्षासाठी आपल्याला दिलेलं वचन. माझा सगळा विश्वास असा चिठ्ठ्याचिठ्ठ्यांनी जमलेला होता.

मायची चिठ्ठी दाराच्या चौकटीला चिकटवलेली होती. दादा बापाशी भांडून पुण्याला निघून गेला, त्या वर्षी तिनं ती उचलली. तिला अक्षर येत नाही, मीच वाचून दाखवली होती. देवाच्या मनात तुमच्या भल्याचेच बेत आहेत, अशा अर्थाची. मायनं सरळ अर्थ लावला, पोरगं परत येणार. पुढं बाप गेला, दादाचा फोन लागेनासा झाला, पण माय पुन्हा ताटाला हात लावेना. म्हणायची, "आधीचंच पुरं व्हायचं हाय, दुसरं कोणत्या तोंडानं मागू?"

एका दुपारी, डोळा लागता लागता, ती ओळ मला भेटली. ती एका लांब पत्रात होती. परमुलखात धरून नेलेल्या लोकांना एका संदेष्ट्यानं ते लिहिलं होतं. एवढ्यात परतायची वाट पाहू नका, तिथंच घरं बांधा, झाडं लावा, सुटका सत्तर वर्षांनी होईल, असं त्यात होतं. म्हणजे ऐकणारे बहुतेक तिथंच मरणार होते. मला देवाचा राग आला, आणि आख्ख्या पत्रातून तेवढीच ओळ कापून चिठ्ठी करणाऱ्याचा त्याहून जास्त. ठिपके बाजेखाली गेले तरी मी तेच पान धरून बसले होते.

संध्याकाळी मी मायला वाचून दाखवायचे. ते पान मी ओलांडून पुढं गेले. पण वाचणं थांबेल तिथं माय स्वतः लाल दोरा घालून ठेवायची, हे मी विसरले होते.

"पोरी, दोरा इथं होता. मधली पानं काहून सोडली?"

मग वाचावंच लागलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

"सत्तर," ती म्हणाली. "म्हंजी तवर मी न्हाई."

"माय, ते त्या लोकांसाठी होतं. आपल्यासाठी न्हाई."

"वचन आपलं, अन् सत्तर वर्षं त्यांची? असं जमतं व्हय?"

तिनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि त्याच पानात लाल दोरा घातला.

अंगणात दादाची मोटारसायकल लागायची ती जागा माय इतकी वर्षं झाडून मोकळी ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तिथंच खड्डा खणला आणि शेजारणीकडून आणलेलं सीताफळाचं रोप लावलं. मी दारातून बघत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

दादा अजून आलेला नाही. माझा विश्वासही पहिल्यासारखा राहिला नाही. चिठ्ठीतला देव सोपा होता. पत्रातल्या देवाशी माझं रोज भांडण होतं, आणि भांडायला रोज पुस्तक उघडावं लागतं.

यंदा नववर्षाच्या उपासनेत ताट आमच्यापाशी आलं, तेव्हा मायनं हात पुढं केला. मी दचकून तिच्याकडे पाहिलं. तिनं एक चिठ्ठी उचलून माझ्या हातात दिली. मी ती उलगडायला लागले तर तिनं माझ्या बोटांवर हात ठेवला.

"इथं नको," ती हळूच म्हणाली. "घरी चल. आधी आख्खा अध्याय वाच, मग ही."