झिजलेल्या ‘ळ’ची पाठ

त्या होडीचं प्रकरण आठवलं की आजही मला स्वतःचाच राग येतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी रत्नागिरीत फौजदार होतो. एका सकाळी पूर्णगडच्या बंदरावर एका होडीला चार कागद चिकटवलेले सापडले. मजकूर एकच: ‘आठ दिवसांत होडी हलव, नाहीतर जाळू.’ अक्षरं उंच, चिंचोळी, जाडजूड. कडा झिजलेल्या, अंगावर पांढरे ओरखडे. होडी एका मच्छीमाराची. बायकोचे दागिने मोडून बांधलेली, त्या घराला मिळकतीचं दुसरं साधन नाही.

स्टेशन डायरीला नोंद झाली. आमचा हवालदार शिमग्यात नमनाच्या खेळात नाचायचा. पाचव्या दिवशी रजेवरून आला आणि कागद बघताच म्हणाला, “साहेब, आमच्या नमनाच्या जाहिराती ह्याच टाइपात असतात. ‘ळ’चा कोपरा उडालाय बघा.”

छापखाना शहरातलाच. मालक साठी उलटलेले, सगळ्यांचे ‘काका’, एकटेच अक्षरं जुळवणारे. लाकडी टाइप, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, पंचनामा करून ताब्यात घेतले. ठसा मारला, कोपरा तंतोतंत जुळला.

“अक्षर माझंच,” ते म्हणाले, “पण छापलं मी नाही.”

“मग काय भुतानं छापलं?”

“मोठे टाइप आम्ही छापखानेवाले एकमेकांना उसने देतो. चिठ्ठीबिठ्ठी काही नसते.”

“कुणाला दिले होते?”

त्यावर तोंडाला कुलूप.

तीन दिवस त्यांना सकाळी बोलवायचं, संध्याकाळपर्यंत बाकावर बसवायचं. दम दिला, टेबल आपटलं, नको ते बोललो. म्हातारा ढिम्म. उसनवारीची गोष्ट मला शुद्ध थाप वाटली, म्हणून दुसऱ्या छापखान्यांत माणूसच पाठवला नाही. अशी माझी अक्कल!

सातव्या दिवशी दुपारी मच्छीमाराची बायको ठाण्यात आली. रडली नाही.

“साहेब, उद्या आठवा दिवस. पोरांना घेऊन आमी होडीतच बसू काय? माणसं बघून तरी जाळायचे नाय.”

मी डायरीत डोकं घातलं. बाकावरचे काका मात्र उठले. म्हणाले, “तो ‘ळ’ आणा.”

पंचांसमोर मुद्देमालाचं सील फोडलं. त्यांनी अक्षर उलटं केलं. पाठीला छापील कागदाचा तुकडा चिकटलेला होता.

“झिजलेला टाइप बुटका होतो, ठसा उठत नाही. म्हणून खाली कागद लावून उचलायचा. पण हा कागद माझा नव्हे. वाचा.”

हातखंब्याच्या एका खानावळीचं पत्रक होतं ते. “तिथं छापखाना एकच,” ते म्हणाले. “चालवणारा माझ्या हाताखाली शिकला. असा कागद लावायला मीच शिकवलं त्याला.” त्यांनी ‘ळ’ माझ्या हातात ठेवला.

तीन दिवस पुरावा माझ्या कपाटात, आणि मी नुसतं अक्षराचं तोंड बघत बसलो होतो!

आम्ही लगेच हातखंब्याला गेलो. छापणाऱ्यानं गिऱ्हाइकाचं नाव सांगितलं. होडी लावायच्या जागेवरून भांडणारा बंदरावरचाच दुसरा होडीवाला. त्याच्या बागेतल्या मांगरात, अवजारांच्या खोपीत, रॉकेलचे दोन डबे भरून ठेवलेले मिळाले. संध्याकाळच्या आत दोघांना अटक झाली. होडी वाचली.

गप्प बसलेला माणूस गुन्हेगारच असतो, हे माझ्या डोक्यातून तेव्हापासून गेलं. काही माणसं दुसऱ्यासाठी गप्प बसतात, आणि बोलतात तेव्हा त्यांचं काहीतरी कायमचं जातं.

त्या छापणाऱ्याला कोर्टात उभं केलं, तेव्हा जामीन राहायला काकाच आले. मी चकित झालो.

“तुम्हीच धरून दिलंत, आणि तुम्हीच जामीन?”

“होडी जळायला नको होती, म्हणून सांगितलं. पण हात धरून शिकवलंय त्याला. आता सोडू कसा?”

मी बाकावर सरकलो. पहिल्यांदाच नीट म्हणालो, “बसा, काका.”

“तीन दिवस बसलो की तुमच्याकडे,” ते म्हणाले, आणि उभेच राहिले.