वळणावर थांबणारी मोटार

माझे चुलतसासरे मोटारीला माणसासारखं आणि माणसाला मोटारीसारखं वागवत. असा दुसरा गृहस्थ अख्ख्या भोर संस्थानात झाला नसेल. जेवताना मला ठसका लागला, तर पाण्याचा तांब्या पुढं करण्याआधी ते कान देऊन ऐकत आणि म्हणत, "जावईबापू, तेलाच्या नळीत कचरा हाय तुमच्या." उलट गाडी तापली की बॉनेट उघडून तिला उपरण्यानं वारा घालत. माझी बायको रांगत होती तेव्हाच त्यांची मंडळी, म्हणजे आमच्या चुलतसासूबाई, वारल्या. तेव्हापासून भाटघरच्या घरात ते एकटे, आणि पुढं ही गाडी.

धरणावरच्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली, तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. उतारू घेऊन रोज भोरला जाऊन येईल अशी तिला करायची, एवढाच त्यांचा ध्यास. उन्हाळ्यात लाकडी चाकांचे आरे सुकून खुळखुळायला लागले, की ते चाकं काढून धरणाच्या पाण्यात भिजत घालत आणि शेळ्या राखाव्यात तसे काठावर राखत बसत. ब्रेकला मोटेचं जुनं चामडं एरंडेलात मुरवून लावलं. गळक्या रेडिएटरला अंड्यातला पांढरा बलक पाजला. वर्षभरात गाडी अशी सुधारली, की तिचा ठरल्या वेळचा हॉर्न ऐकून बायका चूल पेटवू लागल्या.

एक खोड मात्र जाईना. भाटघर सोडल्यावर एका वळणाशी जुनी गाडीवाट धरणाच्या पाण्यात उतरून नाहीशी व्हायची. तिथं गाडी रोज बंद पडे. पुण्याहून मिस्त्री आणला. त्यानं दोन दिवस सगळं खोललं, पुन्हा बसवलं, स्वतः चालवून पाहिली, आणि त्या वळणावरून परत जाताना तो चालत गेला. इलाज चुलतसासऱ्यांनीच शोधला होता. ते खाली उतरत, मागचं दार उघडत आणि जरा थांबत. मागच्या स्प्रिंगा बारीक करकरत, कोणी बसल्यावर करकरतात तशा. मग दार लावून हँडल मारलं की गाडी पहिल्या फटक्याला सुरू. मागचे उतारू न सांगता अंग चोरून बसत.

त्या भाद्रपदात माझी बायको बाळंतपणाला माहेरी, म्हणजे भाटघरलाच होती. एका सकाळी सुईण बाहेर आली. "मूल आडवं हाय. हितं न्हाई व्हायचं. भोरच्या दवाखान्यात न्या, लौकर."

बायकोला मागच्या सीटवर निजवलं. तिच्याजवळ दुसरं माणूस मावेल एवढी जागाच नव्हती, म्हणून मी पुढं बसलो. बाहेर धुकं असं, की धरण कुठं आणि रस्ता कुठं ते कळेना. वळण आलं आणि गाडी थांबली.

"मामा, आज नका हो थांबवू!" मी ओरडलो.

"म्या न्हाई थांबवली," ते म्हणाले. उतरून त्यांनी मागचं दार उघडलं आणि धुक्याकडे बघून हळूच म्हणाले, "ये."

स्प्रिंगा करकरल्या. दार लागलं. बायकोचं कण्हणं एकदम थांबलं. ती गेली, असंच मला वाटलं. पण मागं वळून बघायचं धाडस झालं नाही. भोर येईपर्यंत मी पुढच्या काचेकडे बघत बसलो.

दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप. संध्याकाळी बायको मला म्हणाली, "वाटेत ज्या बाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं, त्यांना कुणी चहा तरी पाजला का?"

मी दाराकडे वळलो. चुलतसासरे दारातच उभे होते.

"हात गार व्हते का गं तिचे?" त्यांनी विचारलं.

"न्हाई काका. चांगले ऊन होते."

ते तिथंच खाली बसले. म्हणाले, "बाळंतपणातच गेली तुझी काकू. भोरला नेताना, बैलगाडीत. त्याच वळणावर हात गार पडले व्हते."

त्यानंतर गाडी त्या वळणावर कधीच बंद पडली नाही. तरी ते काही दिवस आपण होऊन थांबत, दार उघडत, वाट बघत. स्प्रिंगा मुक्या.

दिवाळीला मी गेलो, तेव्हा ते अंगणात गाडीपाशी होते.

"जावईबापू, आता कुठंच अडत न्हाई ही."

"चांगलं झालं की, मामा."

"व्हय," ते म्हणाले, आणि मागची रिकामी सीट कितीतरी वेळ पुसत राहिले.