थंड खोलीतले मढ

एक चाचणी फसली होती आणि मी ती अहवालातून गाळली, हे बराच काळ मी कोणालाही कळू दिले नाही.

आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतील दूध संकलन केंद्रे एका नेटवर्कने जोडायची होती. यंत्रे गावात नेण्याआधी पारखून घ्यावीत म्हणून मंचरला मी चाचणी-लॅब उभारली. रॅकवर जणू गावेच मांडली, एकेका फळीवर एकेका गावाच्या केंद्राची यंत्रे: वरच्या फळीवर मढ, खाली डिंगोरे, तळाशी पारगाव. प्रत्येकाला छापील लेबल, निळ्या-पिवळ्या वायरी आणि अखंड एसी. या मढमध्ये शिरण्यापूर्वी चपला काढाव्या लागत.

एक गोष्ट मात्र त्या खोलीत नव्हती. आमच्याकडे वीज आली की शिवारातल्या विहिरींवरच्या सगळ्या मोटारी ऑटोवर, म्हणजे आपोआप चालू करणाऱ्या यंत्रावर, एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज बसते, म्हणजे झपकन खाली येते. माझ्याही विहिरीवर असाच ऑटो आहे. अज्ञानाची सबब मला नाही. म्हणून लॅबमध्ये मी मुद्दाम व्होल्टेज उतरवून पाहिले. यंत्रांना एकमेकांशी जोडणारा नेटवर्कचा स्विच गोठला. हाताने बंद-चालू केल्याशिवाय हलेना. उद्घाटन तोंडावर आले होते. मग मी प्लग काढून पुन्हा लावण्याची सभ्य चाचणी घेतली आणि लिहिले, 'वीजपुरवठा खंडित होणे: समाधानकारक.' अहवालातल्या आराखड्याची रंगीत पाने उलटत आमचे साहेब म्हणाले, "याला म्हणतात दस्तऐवजीकरण!" मी विनयाने मान लववली.

उद्घाटन झाले आणि मढचे केंद्र रोज वीज आली की बंद पडू लागले. तिथली जोडणी आमच्या एका अभियंता बाईंनी केली होती. ठपका त्यांच्यावर आला आणि त्यांचे कंत्राट वाढवायचे की नाही, हे ठरवायला बैठक बसली.

बैठकीला आलेले मढच्या केंद्राचे चालक मला म्हणाले, "राव, तुमच्या लॅबमधलं मढ लई गुणी दिसतंय. आमालाच तिकडं ऱ्हायला न्या की!"

सगळे हसले. साहेबांनी बाईंना विचारले, "अर्थिंग नीट तपासलं होतं का?"

"तपासलं होतं, सर. मघाशीही तेच सांगितलं."

"मग लॅबमध्ये चालतं आणि तुमच्या हातून का चालत नाही?" साहेबांनी माझ्या अहवालावर बोट ठेवले.

मी उभा राहिलो. आवाज नेहमीप्रमाणे बारीकच निघाला.

"जरा मोठ्यानं, भाऊ," चालक म्हणाले. "हितं मोटार चालू न्हाई, तरीबी ऐकू येत न्हाई."

"बाईंची जोडणी बरोबर आहे," मी म्हणालो. "व्होल्टेज बसलं की स्विच गोठतो, हे मला लॅबमध्येच दिसलं होतं. मी ते लिहिलं नाही. बाई, तुमच्यावर ठपका येत असतानाही मी गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ करा."