नंदूचा उजवा

नंदू तांडेल गेल्याचा फोन आला, तेव्हा मी वाकोल्याला घरी चहा घेत बसलो होतो. आणि पहिला विचार काय यावा मनात? आता खरं कोण सांगणार...

वर्सोव्याचा नंदू आणि मी, दोघंही हेवीवेट बॉक्सर, एकाच व्यायामशाळेतले. तिथल्या पोरांचा रोजचा वाद एकच, ठोसा कुणाचा भारी? तसं उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. नंदूचा उजवा बसला की समोरचा जागच्या जागी आडवा. मी आपला एकेक गुण जमवत जिंकणारा. तरी राज्याच्या अंतिम सामन्यात मी त्याला हरवलं, अगदी थोडक्यात. त्या जोरावर मला नोकरी लागली, पुढे परदेशातही खेळलो. नंदूनं खेळ सोडून होडी धरली. पण त्या सामन्यात त्यानं उजवा टाकलाच नाही. एकदाही नाही! माझे वडील तेव्हा गिरणीतली नोकरी सुटून घरी बसलेले, हे त्याला माहीत होतं. यानं आपल्यावर दया केली, हा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. लोक म्हणायचे, "ठोसा नंदूचा, करिअर तुझं," आणि मला त्यात टोमणाच ऐकू यायचा. तो पापलेट घेऊन घरी आला तरी वाटायचं, आला, उपकाराची आठवण करून द्यायला आला. एकदा जेट्टीवर धरलाच त्याला.

"खरं सांग, सामना सोडलास ना?"

"येडा झालास काय रे? तू भारी खेळलास. चल, भूक लागलीये."

असं म्हणून हसला. ते हसणं मला मुळीच पटलं नाही.

तेरावं झाल्यावर त्याच्या घरी गेलो. त्याची बायको, सुलभावहिनी, पाणी घेऊन आल्या. मग म्हणाल्या, "भावोजी, आता सांगते. त्यांचं मनगट सामन्याआधीच मोडलेलं."

मला तर त्यानं सांगितलं होतं, सामन्यानंतर मोडलं म्हणून! नारळी पौर्णिमेनंतर होडी पहिल्यांदा समुद्रात जाते, तेव्हा घरचा मुलगा होडीवर हवाच, ही त्यांच्या घरची रीत. कोचनं बजावूनही नंदू गेला आणि दोराच्या पिळात त्याचं मनगट सापडलं. सामन्याआधीच्या तपासणीत पठ्ठ्यानं दात आवळून डॉक्टरांना मूठ वळून दाखवली.

"पण खेळला कशाला?"

"जिंकायचं होतं हो त्यांना! म्हणत होते, डाव्यानंच लोळवतो त्याला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमचं जिंकणं उणं झालं असतं ना."

यावरही मला शंका. मला बरं वाटावं म्हणून रचून सांगताहेत की काय? वहिनींनी ते ओळखलं असावं. त्यांनी मागची खोली उघडली. तिथे जुन्या जाळ्यांनी गच्च भरलेलं पोतं टांगलेलं होतं आणि बाजूला खिळ्याला ग्लोव्ह्जची जोडी. डाव्याचं चामडं फाटून फाटून जाळ्याच्या दोऱ्यानं शिवलेलं. उजवा कोराच्या कोरा.

"होडीवरून आले की रोज इथंच," वहिनी म्हणाल्या. "उजवं मनगट पुन्हा नीट सांधलंच नाही, तरी म्हणायचे, एकदा पुन्हा खेळायचंय त्याच्याशी."

मला रडू आवरेना. मला त्यानं काहीच दान दिलं नव्हतं. एका हातानं जीव तोडून लढला होता लेकाचा, आणि मी त्याच्या दयेवर आयुष्यभर जळत राहिलो... डोळे पुसून मी डावा ग्लोव्ह चढवला आणि होता नव्हता तो जोर लावून पोत्यावर एक ठोसा ठेवून दिला. पोतं जेमतेम हललं.