कोपराच्या वळ्या

परवा नातीनं तिचं चामड्याचं जॅकेट माझ्या मांडीवर टाकलं आणि मोबाईल पुढं केला. पडद्यावर दहा-बारा बाटल्या. कुठलं क्लीनर, कुठलं कंडिशनर, एक क्रीम, एक मेणाची डबी. ‘आजोबा, तुम्ही लाँड्रीवाले, सांगा यातलं कोणतं घेऊ?’ मी म्हटलं, रंग नसलेलं, वास नसलेलं घे, आणि काहीही घेतलंस तरी आधी काखेत, कुणाचं लक्ष जात नाही तिथं, बोटभर लावून दोन दिवस थांब. तिनं विचारलं, हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, अनुभवानं. हे खोटं होतं. मला ते एका चांभारानं सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नव्हतं.

लातूर जिल्हा झाला तेव्हा आम्ही उदगीरहून उठून तिथं गेलो. जिल्हा म्हणजे कचेऱ्या, कचेऱ्या म्हणजे साहेब, आणि साहेब म्हणजे कडक इस्त्रीचे सफारी, असा माझा सरळ हिशोब. दुकान चाललंही. मग पाऊस गेला. एक वर्ष, दुसरं वर्ष. नळाला आठ दिवसांनी पाणी, तेही गढूळ. लोकांना प्यायला घागर मिळेना, तिथं मला कपडे धुवायला कोण देणार? हौद कोरडा पडला, मी धुलाई बंद केली आणि पाण्याशिवाय होईल ते काम शोधू लागलो. नव्या साहेबलोकांकडं, फिरतीवरच्या पोरांकडं चामड्याची जॅकेटं होती. चामड्याला पाणी लागत नाही. मी पाटीवर रंगानं लिहून घेतलं, ‘लेदर जॅकेट साफ करून मिळेल.’ त्यातलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

सामान आणायला एसटीनं नांदेडला गेलो. तिथं बूट, पट्टे, ट्रक डायव्हरांचं सामान विकणारं एक दुकान होतं. दुकानदारानं काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. घोड्याच्या खोगिराला लावायचा साबण, मेण-चरबीची डबी आणि पिवळसर तेलाची बाटली. ‘ये लेके जाव, सबसे अच्छा. गाय के खुर का तेल है.’ माझा हात बाटलीवरून आपोआप मागं आला. आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा नाही. डबीतही चरबीच. मी फक्त साबण घेतला. साबण कशाचा करतात हे मात्र विचारलं नाही. विचारलं असतं तर तोही ठेवावा लागला असता, आणि हात हलवत परत यायची माझी तयारी नव्हती. सोवळं असं सोयीनं पाळण्यात मी पटाईत होतो.

तेलाचा तोडगा मला परतीच्या एसटीत सुचला. माझ्या लहानपणी आमच्या मळ्यात मोट होती. आजोबा गड्याकडून मोटेला करडीचं तेल चोळून घ्यायचे, मोट वर्षानुवर्षं टिकायची. त्या चामड्याच्या मोटेचं पाणी आम्ही सगळे प्यायचो, त्यात कुणाचं सोवळं आडवं आलं नाही. करडीचं तेल घरचं, शुद्ध. मला माझ्या अकलेचं फार कौतुक वाटलं.

पहिली दोन-तीन जॅकेटं नुसत्या साबणावर निभावली. मग गुरुजी आले.

ते नायगावकडचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. एकुलता एक मुलगा नव्या जिल्ह्याच्या कचेरीत लागला म्हणून दोघं नवरा-बायको लातूरला येऊन राहिलेले. मुलगा पाण्याच्या टँकरवर देखरेख करायला मोटारसायकलवर गावोगाव फिरायचा. थंडीत पहाटे निघावं लागतं म्हणून त्यानं ते जॅकेट घेतलं होतं. गावाकडं जाताना लोह्याच्या अलीकडं एका ट्रकनं त्याला उडवलं. दवाखान्यातून जॅकेट तेवढं परत आलं होतं.

गुरुजींनी ते जुन्या धोतरात गुंडाळून आणलं होतं. काउंटरवर हळूच उलगडलं. चिखल, एका बाजूला काळपट डाग, आणि दोन्ही बाह्या कोपरात वाकलेल्या. हँडल धरून धरून चामड्याला तसं वळणच पडलं होतं.

‘डाग न्हाई निघाला तरी चालंल,’ ते म्हणाले. ‘कातडं वाळून चाललंय. चिरा पडतील असं वाटून राहिलं. आमच्या घरात त्याची आई रोज हातात घेती. ह्या कोपरावर हात ठेवून बसती.’ मग त्यांनी त्या वळ्यांना बोट लावून दाखवलं. ‘तेवढ्या वळ्या जाऊ देऊ नका. बाकी काय न्हाई.’

‘काळजी सोडा गुरुजी,’ मी म्हणालो.

माझ्या दुकानासमोर लिंबाखाली एक चांभार बसायचा. वयानं माझ्या वडिलांएवढा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला आप्पा म्हणायचा. मी करडीची बाटली काढलेली पाहून तो उठून पायरीपर्यंत आला. वर चढला नाही.

‘आप्पा, ते तेल नका लावू. मोटेचं कातडं जाड ऱ्हातंय, रोज भिजतंय. हे पातळ हाय, सुकं हाय. तेल चिकट होऊन बसतंय त्याच्यात. मेण अन् चरबी जराशी घ्या, अन् आधी काखेत लावून बघा. म्या करून देऊ का?’

दुकानात दोन कारकून उभे होते. त्यांच्यादेखत चांभारानं मला शिकवावं! मी म्हणालो, ‘तू तुझ्या चपला बघ.’ तो परत लिंबाखाली जाऊन बसला.

दोन दिवस जॅकेट असं चमकलं की मी ते दुकानाच्या दारात टांगलं. त्या वर्षीचं ऊन आणि त्या वर्षीचा फुफाटा. चौथ्या दिवशी हात लावला तर बोटं चिकटली, सगळ्या अंगावर धुळीचा थर बसलेला. घासलं तर धूळ आणखी आत गेली. घाबरून मी पेट्रोलचा बोळा फिरवला. धूळ गेली, तेलही गेलं, आणि चामड्यात जे काही मूळचं होतं तेही गेलं. जॅकेट पत्र्यासारखं ताठ झालं. तेव्हा तरी समोर जायला हवं होतं. वीस पावलांवर तो बसलेला होता. मी नाही गेलो. मी ओलं फडकं टाकलं आणि इस्त्री फिरवली, कारण मला दुसरं काय येत होतं? बाही सपाट झाली. कोपराच्या जागी आडवी चीर पडली.

गुरुजी आले. त्यांनी बाही हातात घेतली, कोपराची जागा चाचपली, परत चाचपली. मग माझ्याकडं पाहिलं. ते काही विचारायच्या आत मी बोललो.

‘फार उशीर केला गुरुजी. कातडं आतून मेलेलं होतं. महिनाभर आधी आणलं असतं तर काहीतरी झालं असतं.’

माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, याची मला आजही भीती वाटते.

‘हाव,’ ते म्हणाले. ‘ती म्हणत होती, न्या म्हणून. मलाच हात लावू वाटत नव्हता. म्याच टाळत राहिलो.’ त्यांनी बाह्या पोटाशी घेऊन जॅकेट धोतरात गुंडाळलं. जाताना म्हणाले, ‘तुमी लई मेहनत घेतली.’

समोर चांभार खाली मान घालून टाके घालत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो कधीच कुणाला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, हौद भरला, मी धुलाई सुरू केली. एक दिवस एक बाई धोतरं घेऊन आल्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यातलं, गुरुजींनी जॅकेट गुंडाळून आणलेलं ते धोतर ओळखलं.

‘गुरुजी बरे आहेत ना?’ मी विचारलं.

‘हायत,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्याकडं लेकराचं जाकीट आणलं होतं त्यांनी. मी महिनाभर मागं लागले होते, येळेवर आणलं न्हाई. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलत न्हाई.’

मी धोतरं मोजून घेतली आणि शनिवारी या म्हणालो.