उचल, रंभाजी

भिंगारच्या बाजूला इंग्रजांच्या काळातलं एक गोल्फचं मैदान आहे. गोल्फ म्हटलं की टीव्हीवरची हिरवी गादी ज्यांना आठवते, त्यांनी तिथं न गेलेलंच बरं. बाभळी, खडी, वाळलेलं गवत, आणि चेंडू ज्या होलात घालायचा त्याच्याभोवती हिरवळीऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचं गोल अंगण. त्याला म्हणतात ब्राऊन. वाळूत पावलं उमटतात, म्हणून खेळून झालं की काथ्याची चटई ओढून ब्राऊन सपाट करायचं आणि मगच पुढं जायचं. हे काम कॅडीचं, म्हणजे साहेबांची बॅग वाहणाऱ्याचं.

रंभाजी इथला सगळ्यात जुना कॅडी. बाप रामहरी याच मैदानावर गवत कापायचा. बाप गेला तेव्हा क्लबात कुणाला पत्ताही लागला नाही, गवत तेवढं वाढलं. रंभाजीनं हे मनात ठेवलं होतं. क्लबाच्या व्हरांड्यात जिंकणाऱ्यांच्या नावांचे लाकडी फळे आहेत, त्यात एक छोटा फळा कॅडींचा. त्यावर आपलं नाव लागावं, एवढीच त्याची हौस. आपण मेल्यावर तरी कुणी वाचील.

वर्षातून एकदा इथं कॅडी दिवस असतो. त्या दिवशी कॅडी खेळतात आणि साहेब त्यांच्या बॅगा वाहतात. फोटो निघतात, हसणंखिदळणं होतं, वडापाव होतो. चटई मात्र त्याही दिवशी कॅडीच ओढतात. यात काही चुकतंय असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं. रंभाजीलाही नाही.

यंदा त्याची शेवटची खेप होती. डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. चेंडू कुठं पडला हे ज्याला दिसत नाही, त्याला कॅडी म्हणून कोण नेणार? चांगुणाबाईनं, त्याच्या बायकोनं, सदरा नीळ घालून धुतला आणि हातात देताना म्हणाली, "फळ्यावर नाव लागलं की मला बघाया न्या. न्हाईतर तुमी सांगताल आन् मी मान हालवीन, तसलं नगं."

त्याची बॅग उचलायला आले सावेडीचे शरच्चंद्र कुलकर्णी. कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक, माणूस सरळ. कित्येक वर्षं रंभाजीनं त्यांचीच बॅग वाहिली होती. दोघांमधली निम्मी बोलणी एका शब्दात भागायची, तो शब्द म्हणजे "उचल." चेंडू होलापासून वीतभर उरला की शरच्चंद्र म्हणत, "उचल, रंभाजी." एवढं जवळून कोण चुकणार, गेलाच समजायचा. रंभाजी चेंडू उचलून, पुसून त्यांच्या हातात ठेवी. मित्रामित्रांच्या खेळात हे चालतं. कॅडी दिवसाचा नियम मात्र कडक होता. सकाळीच कमिटीच्या आबासाहेबांनी सगळ्यांना बजावलं होतं, "चेंडू होलात पडलाच पाहिजे. आधी उचलला तो बाद."

खेळ सुरू झाला. रंभाजी मारायचा आणि विचारायचा, "कुटं गेला, साहेब?" शरच्चंद्र कपाळावर हात धरून बघायचे. "बाभळीच्या अलीकडं. सरळ चाल." पहिल्या दोन होलांनंतर त्यांना दम लागला. रंभाजीचा हात आपसूक बॅगेच्या पट्ट्याकडं गेला, तसे ते ओरडले, "हात लावू नकोस! आज मी कॅडी आहे." रंभाजीला हसू आलं. बॅगेविना खांदा कसा रिकामा रिकामा वाटत होता, आणि खरं सांगायचं तर छान वाटत होतं.

शेवटच्या होलाशी आले तेव्हा बाकीचे बरेच खेळून थांबले होते. करण नावाचा तरणा कॅडी सगळ्यांत कमी फटक्यांत खेळ संपवून पुढं होता. सोबत चालणाऱ्या आबासाहेबांनी हिशेब सांगितला, "रंभाजी, ब्राऊनवर दोन फटक्यांत आटप, फळा तुझा."

चेंडू ब्राऊनच्या पार कडेला होता. रंभाजीनं पटर, म्हणजे चेंडू हलकेच होलाकडं ढकलायची काठी, हातात घेतला. होल त्याला धुरकट दिसत होतं, म्हणून शरच्चंद्र होलातला खुणेचा झेंडा धरून उभे राहिले. त्यानं हलकेच टोला दिला. चेंडू वाळूवरून संथ गेला आणि होलापासून वीतभर थांबला.

"वा!" शरच्चंद्रांच्या तोंडून निघालं. आनंदच एवढा झाला होता. "उचल, रंभाजी!"

आणि रंभाजीनं उचलला. वाकला, चेंडू घेतला, नीळ घातलेल्या सदऱ्याला पुसला आणि साहेबांपुढं धरला. जित्याची खोड म्हणतात ती ही. शरच्चंद्रांचा हातही तो घ्यायला पुढं आला होता. मग दोघंही थिजले.

करण ब्राऊनच्या कडेला उभा राहून बघत होता. आबासाहेब इकडंतिकडं बघत हळूच म्हणाले, "ठेव परत. मी काही पाहिलं नाही."

"करणनं पाह्यलंय," रंभाजी म्हणाला. "काचबिंदू मला हाय, त्याला न्हाई."

"चूक माझी आहे," शरच्चंद्र म्हणाले. "मी बोललो म्हणून त्यानं उचलला. माझ्या चुकीची शिक्षा त्याला कशाला?"

"तुमी बोलले, पर वाकलो मी," रंभाजी म्हणाला. हातातोंडाशी आलेला घास गेला होता. साहेबांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःच्या कमरेचा आला. छटाकभर वजनाचा चेंडू, पण तेवढा दुसऱ्या कुणी उचलला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. चांगुणाबाईला काय सांगायचं हेही डोक्यात आलंच.

मागची टोळी खोळंबली होती. कुणीतरी लांबून हाक दिली. ब्राऊनभर पावलंच पावलं झाली होती. कडेला चटई पडली होती, तिची दोरी उचलायला रंभाजी वाकू लागला, आणि अर्ध्यातच थांबला. पुन्हा ताठ झाला.

"साहेब," तो म्हणाला, "आज कॅडी तुमी हाय न्हवं?"

"हो. का?"

"मग चटई ओढा. मागची मानसं थांबल्यात."

शरच्चंद्रांनी त्याच्याकडं पाहिलं. मग बॅग खाली ठेवली, दोरी धरली आणि ओढायला लागले. चटई जड होती, दोनदा अडखळले. करण मदतीला धावला, तसा रंभाजीनं हात आडवा करून त्याला थांबवलं. स्वतः कमरेवर हात ठेवून वाळू सपाट होताना बघत राहिला. होल त्याला धुरकटच दिसत होतं, पण पावलांचे खळगे पायाला कळत होते.

"कडंचं ऱ्हायलं," तो म्हणाला. "गोल घ्या."

शरच्चंद्रांनी कडेनं आणखी एक फेरा घेतला.